आधी दाब, मग पॅकिंग

एकच इंजिन तीन कंपन्यांनी तीन नावांनी विकलं, असं भारतात घडलेलं आहे. मूळ इंजिन फियाटचं, १.३ लिटरचं डिझेल. २००३ मध्ये पोलंडमधल्या कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू झालं. मारुतीनं ते परवान्यावर मानेसरला बनवलं, २००७ मध्ये स्विफ्टमध्ये बसवलं आणि त्याला ‘डीडीआयएस’ म्हटलं. टाटांच्या इंडिका व्हिस्टात ते ‘क्वाड्राजेट’ झालं. फियाटच्या पुंटो आणि लिनियात ‘मल्टिजेट’च राहिलं, तिथलं इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होत होतं. मोटारींवर लिहिणारे पत्रकार त्याला अर्ध्या थट्टेनं ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम लागू झाले, मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या आणि या इंजिनाचा भारतातला मोठा काळ संपला.

गाड्या मात्र संपल्या नाहीत. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. सुरुवातीच्या डिझेल स्विफ्टनी ती मुदत केव्हाच ओलांडली आणि त्यांतल्या कितीतरी आजही घाट चढताहेत. या वयाच्या गाडीच्या मालकाला एक तक्रार हमखास येते: पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग. गॅरेजात निदान ठरलेलं असतं, ‘पॅकिंग गेलंय’. पॅकिंग बदललं जातं, काही दिवस कोरडे जातात, मग शेजारचा सांधा ओला होतो. तिथलं पॅकिंग बदललं की तिसरीकडे पाझर. शेवटी कुणीतरी टर्बोकडे बोट दाखवतं आणि खर्च पाच आकड्यांत जातो.

हा फेरा टाळता येतो. इंजिनातून तेल बाहेर यायला दोन गोष्टी जमाव्या लागतात: सांधा थकलेला हवा आणि आतून ढकलणारा दाब हवा. पॅकिंग बदललं की पहिली सुटते. दुसरी तशीच राहिली तर तेल नवा सांधा शोधतं. टर्बो असलेल्या इंजिनात ही दुसरी बाजू जास्त बोलते, म्हणून घरी काम करणाऱ्यानं आधी दाब तपासावा आणि मग पाना हातात घ्यावा. या प्रकरणात उदाहरण १.३ लिटरच्या डिझेलचं घेतलं आहे. पण पद्धत कुठल्याही जुन्या टर्बो गाडीला लागू पडते.

टर्बोतलं तेल कुठून येतं, कुठे जातं

१२४८ सीसीच्या या इंजिनातून साध्या स्विफ्टला ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. एवढ्या लहान इंजिनाला ही ओढ टर्बोमुळे येते. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे पाठवतो. लहान टर्बोची ही दांडी मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरू शकते. या वेगाला ती धातूवर घासत फिरली तर काही क्षणांत संपेल. म्हणून ती तेलाच्या पातळ थरावर तरंगत ठेवलेली असते.

हे तेल इंजिनाच्या पंपाकडून एका बारीक नळीतून दाबाखाली येतं. बेअरिंगमधून निघाल्यावर त्याचा दाब संपलेला असतो, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस झालेला असतो. ते परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, जातं ते केवळ स्वतःच्या वजनानं, एका जाड नळीतून, खाली. म्हणजे येताना पंप, जाताना फक्त उतार. जाणारी नळी येणारीपेक्षा जाड का असते, ते यावरून कळतं.

दुसरी ध्यानात ठेवायची गोष्ट दांडीवरच्या सीलची. क्रँकच्या टोकाला असतं तसं रबरी ओठाचं सील टर्बोत बहुधा नसतं. तिथली उष्णता रबराला सोसणारी नाही. तिथे पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. त्या तेल अडवतात, पण एका अटीवर: तेल खाली मोकळं वाहून गेलं पाहिजे आणि चेंबरमधला दाब वाढलेला नसला पाहिजे. खालची मोरी तुंबली की न्हाणीघरात पाणी चढतं, तसं रिटर्नची नळी अडली की टर्बोच्या पोटात तेल चढतं आणि रिंगांच्या कडेनं दोन्ही बाजूंना बाहेर पडतं. अशा वेळी ‘टर्बोचं सील गेलं’ म्हणून नवा टर्बो बसवला तरी तोही गळू लागतो. दोष सीलचा नसतोच.

तेल जास्त भरल्यानंही हेच होतं. रिटर्नची नळी चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे तेल भरलं की परतीच्या वाटेवरच अडथळा तयार होतो. म्हणून गळतीच्या तपासाची पहिली पायरी फुकटची आहे: सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून, डिपस्टिक पुसून पातळी पाहणं.

डाग वाचणं

फरशीवरचा डाग इंजिन ऑइलचाच असेल असं नाही. जुनं डिझेल इंजिन ऑइल काळंकुट्ट असतं आणि बोटांवर घोळतं. गिअरबॉक्सचं तेल जाडसर आणि उग्र वासाचं. कूलंट रंगीत, पाणचट, सुकल्यावर पांढुरका थर ठेवणारं. डिझेल पातळ असतं आणि वासानं लगेच ओळखू येतं. ओल डिझेलची निघाली तर घरचं काम तिथेच थांबवावं. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब एक हजार बारच्याही पुढे जातो. चालू इंजिनात त्या नळीच्या सांध्याजवळ बोट नेणंसुद्धा धोक्याचं, कारण बारीक धार कातडीतून आत शिरते.

इंजिन ऑइलच असेल तर पुढचा प्रश्न कुठून. इथे डोळे फसवतात. चालत्या गाडीत वारा तेल मागे नेतो आणि वजनानं ते खाली ओघळतं. त्यामुळे थेंब जिथून पडतो ती जागा आणि गळतीची जागा यांत हात-दीड हात अंतर असू शकतं. चेंबरच्या बोल्टवरून थेंब पडतो म्हणून बोल्ट आवळत बसायचं आणि मूळ ओघळ वर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेला असायचा, हे नेहमीचं आहे. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची, हा नियम.

वर्षानुवर्षांचा चिकट थर असेल तर ओली जागा दिसणारच नाही. म्हणून आधी धुवा. थंड इंजिनावर डीग्रीझर मारून, ब्रशनं घासून, कमी दाबाच्या पाण्यानं. अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकनं झाकून घ्यावं. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं तेल निघतं आणि कधीकधी कनेक्टरमध्ये पाणी जाऊन नवं दुखणं मागे लागतं. धुऊन पूर्ण सुकलं की संशयित सांध्यांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरावी. गाडी थोडी फिरवून आणली की पांढऱ्या पावडरीवर तेलाची बारीक रेष काढल्यासारखी उमटते, आणि ती रेष जिथे सुरू होते तिथे सांधा. पावडर पट्ट्याजवळ किंवा हवा आत ओढणाऱ्या पाइपजवळ टाकू नये. गळती फार मंद असेल तर तेलात मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो जांभळ्या दिव्याखाली हिरवट-पिवळा दिसतो.

या टप्प्यावर एक गैरसमज दूर होतो. इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या जाड पाइपच्या सांध्याला तेलकट ओल असते आणि लोक घाबरतात. चेंबरमधली वाफ ब्रीदर नावाच्या वाटेनं टर्बोच्या आधीच्या पाइपमध्ये सोडलेली असते, तिच्याबरोबर तेलाचे सूक्ष्म कण जातात आणि त्या पाइपच्या आतून तेलाचा हलका थर बसतो. तो असणारच. बाहेर ओल आली म्हणजे तिथली क्लिप सैल झाली आहे किंवा पाइपचं रबर फुगलं, चिरलं आहे. तिथून तेलाबरोबर दाबलेली हवाही निघून जाते. म्हणून गाडी चढावर दमते आणि काळा धूर टाकते. पाइप काढून, तोंड पुसून, नवी क्लिप लावली की दोन्ही तक्रारी एकदम मिटतात. पाइप काढल्यावर आत पेलाभर तेल साचलेलं दिसलं, तर ते मात्र ‘असणारच’ या हिशेबात बसत नाही. मग ब्रीदर किंवा टर्बोकडे जायचं.

दाबाची परीक्षा

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरमधला थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली चेंबरमध्ये उतरतो. टर्बोमुळे सिलिंडरात जास्त हवा कोंबली जाते, त्यामुळे हा वायूही जास्त. त्याला बाहेर जायला ब्रीदर हाच रस्ता. वाटेत तेल वेगळं करणारी जाळी किंवा भुलभुलैयासारखे कप्पे असतात, मग नळी, मग टर्बोच्या आधीचा हवेचा पाइप. जाळी काजळीनं आणि गाळानं बुजली, नळी आतून दबली किंवा घडी पडली की वायू कोंडतो. कोंडलेला वायू सगळ्या सांध्यांवर एकदम जोर देतो. रोज छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते: इंजिन पुरतं तापत नाही, वाफेचं पाणी होतं आणि तेलात मिसळून झाकणाच्या आतून पिवळट-पांढरा लगदा दिसतो. तोही नळी बुजवायला पुरतो.

हा विषय किती मोठा असू शकतो याचं उदाहरण स्वीडनच्या साबचं आहे. टर्बो गाड्यांत नाव कमावलेल्या या कंपनीच्या १९९० च्या दशकाअखेरच्या चार सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत तेलाचा गाळ होण्याच्या तक्रारी आल्या. कंपनीला ब्रीदरच्या नळ्यांची मांडणी पुन्हा पुन्हा बदलावी लागली. जुन्या साबचे मालक आजही गाडी विकत घेताना पहिल्यांदा त्या नळ्या सुधारित आहेत का हे पाहतात.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू, आयडलवर. तेल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून धरावा. तोंडातून तेलाचे शिंतोडे उडू शकतात, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि बाह्या, ओढणी, सैल दोरे पट्ट्यापासून लांब. निरोगी इंजिनात मोजा किंचित आत ओढला जातो किंवा हळूहळू जेमतेम फुगतो. तो झटकन फुगून ताठ उभा राहिला तर आत दाब आहे. डिपस्टिक आपोआप वर सरकत असेल, तिच्या नळीच्या तोंडाशी ताजं तेल असेल, तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

आता ब्रीदरची नळी इंजिनाकडून सोडून तीच परीक्षा पुन्हा करायची. मोजा ढिला पडला तर अडथळा नळीत किंवा पुढे आहे: नळी बदला, जोडणी डीग्रीझरनं धुवा, एअर फिल्टर पाहा. बुजलेला एअर फिल्टर वेगळाच त्रास देतो. टर्बोच्या हवेच्या बाजूला ओढ वाढते आणि तेल रिंगांमागून तिकडे खेचलं जातं. नळी सोडूनही मोजा ताठ राहिला आणि तेल वेगळं करणारी जाळीही स्वच्छ असली, तर वायू रिंगांमधूनच फार येतो आहे. ते इंजिन उघडण्याचं काम आहे. पॅकिंगवर पैसे घालण्याआधी हे कळलेलं बरं.

टॅपेट कव्हर: रबराचं वय

दाब ठीक निघाला, की सांध्यांकडे वळायचं. पॅकिंग आणि ओरिंग कडक का होतात? साधं नायट्राइल रबर सलग १०० ते १२० अंशांपर्यंत टिकतं. ॲक्रिलिक रबर १५० च्या आसपास. व्हायटॉन नावानं ओळखलं जाणारं फ्लोरो-रबर २०० अंशांपर्यंत. टर्बोच्या शेजारची जागा या सगळ्यांची परीक्षा पाहते, आणि गरम इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं तिथलं तापमान उलट चढतं. असं काही हजार वेळा भाजल्यावर रबराची उसळी जाते. काढलेलं पॅकिंग बोटांत वाकवून पाहा: नवं असेल तर परत सरळ होतं, जुनं काडीसारखं मोडतं.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येण्यासारखं. वरची धूळ आधी ब्रशनं आणि हवेनं काढावी, कारण कव्हर उचललं की खाली कॅमशाफ्ट उघडी असते. दोन्ही तोंडं प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीनं साफ करावीत; पोलादी पात्यानं ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तीच पुढची गळती. कव्हरचे बोल्ट बहुधा सहा मिलिमीटरचे, दहाच्या पान्याचे. ते मधून बाहेरच्या दिशेनं, दोन फेऱ्यांत आवळायचे. अशा बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. १० न्यूटन-मीटर म्हणजे किती? १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे सात किलो जोर. लांब रॅचेट हातात असला की माणूस नकळत याच्या दुप्पट-तिप्पट जोर लावतो आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. मग पॅकिंगचं काम आटे बसवण्याचं होतं. छोटा टॉर्क रेंच इथे पैसे वसूल करतो.

तांब्याचे दोन वॉशर

टर्बोला तेल देणारी बारीक नळी दोन्ही टोकांना बँजो बोल्टनं धरलेली असते. बोल्ट पोकळ, त्याच्या कडेला भोक. नळीच्या टोकाला सपाट डोळा. त्या डोळ्याच्या वर एक आणि खाली एक असे तांब्याचे वॉशर. तेल बोल्टच्या पोटातून जातं आणि हे दोन वॉशर ते बाहेर पडू देत नाहीत. तांबं मऊ असतं म्हणून ते वापरतात. आवळल्यावर ते दोन्ही पृष्ठभागांच्या खाचाखोचांत दबून बसतं. पण दबलं की कडक होतं. तोच वॉशर पुन्हा वापरला तर तो पुन्हा तसा दबत नाही.

काम करताना इंजिन पूर्ण थंड हवं. टर्बोचं धुराकडचं घर लाल होण्याइतकं तापू शकतं. तिथे हात लागला तर भाजतो आणि तेल सांडलं तर पेट घेतं. गंजलेल्या बोल्टवर आदल्या दिवशी गंजावरचा स्प्रे मारून ठेवावा. पाना रिंगचा घ्यावा. फिक्स पान्यानं बोल्टची कड गोल होते. बोल्ट सुटताना नळी दुसऱ्या हातानं धरून ठेवायची. ती पिळली गेली तर डोळ्याच्या मानेशी चीर पडते, आणि मग नवे वॉशरही निरुपयोगी.

बोल्ट निघाल्यावर वरचा वॉशर बोल्टबरोबर हातात येतो. खालचा बऱ्याचदा येत नाही. काजळी आणि तेलानं तो टर्बोच्या बैठकीला असा चिकटलेला असतो की बैठकीचाच भाग वाटतो. त्यावर नवा वॉशर ठेवला की एकावर एक दोन होतात आणि नळी पुन्हा गळते. म्हणून टॉर्चच्या उजेडात लहान आरसा धरून बैठक पाहा. नखानं कड लागते का ते चाचपा. पातळ पट्टीनं अलगद उचकटा. भोकात काही पडू देऊ नका. सूत सुटणाऱ्या चिंध्या इथे चालत नाहीत, एखादा धागाही बारीक नळी अडवतो. उघडी तोंडं स्वच्छ प्लास्टिकनं झाका.

काही इंजिनांच्या बँजो बोल्टमध्ये बारीक जाळी असते. बोल्ट हातात आलाच आहे तर तो उजेडासमोर धरून आरपार दिसतं का ते पाहावं. जाळी कोळशासारख्या काजळीनं बुजली असेल तर टर्बोला तेल कमी जातं आहे. नळीच्या आतही तोच थर असेल तर नळी साफ करत बसण्यापेक्षा नवी घ्यावी.

नवे वॉशर त्याच मापाचे, त्याच जाडीचे. दुकान बंद असेल तर जुना तांब्याचा वॉशर ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड करता येतो. तांबं पुन्हा मऊ होतं. कडा खाचलेल्या असतील तर हाही उपाय चालत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या वॉशरवर हा प्रयोग करू नये.

रिटर्न पाइप आणि सिलिकॉनचा मोह

खालच्या जाड नळीचं काम वरून सोपं दिसतं: दोन बोल्ट, एक पातळ पॅकिंग, पुढे रबरी तुकडा आणि क्लिपा. जागा अडचणीची असल्यानं गाडी उचलावी लागते. सपाट फरशी, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, आणि जॅकखेरीज दोन स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक क्षणही जायचं नाही. विटांवर टेकवलेल्या गाडीखालीही नाही. वीट जोर आला की फुटते.

नळी काढून आरपार पाहा. आत काजळीचा थर असेल तर घासून काढा, रबरी तुकडा फुगून आतून अरुंद झाला असेल तर तेल सोसणारा नवा लावा. बसवताना नळीला कुठेही वर चढणारी घडी राहता कामा नये. उतार सलग हवा.

आता मोह. नवं पॅकिंग हातात असूनही ‘थोडं सिलिकॉन लावलं तर पक्कं बसेल’ असं वाटतं. चेंबर आणि टायमिंग कव्हर अनेक इंजिनांत सिलिकॉननंच बसवलेलं असतं, तिथे ते हवंच. टर्बोच्या तेलाच्या सांध्यांवर मात्र ते लावू नये, असं टर्बो बनवणाऱ्या कंपन्या स्पष्ट बजावतात. आवळताना जादा सिलिकॉन आत दबतं, गरम तेलात सुटतं आणि त्याचा तुकडा नळीत किंवा बेअरिंगच्या तोंडाशी अडकतो. गळती बुजवायला लावलेला तुकडा टर्बो मारतो. चेंबरवरही बारीक, सलग रेघ पुरते. तिचा जाड दोरा करू नये, कारण आत दबलेला भाग पंपाच्या जाळीपर्यंत जातो.

चालू करण्याआधी

नळी उघडली म्हणजे टर्बो कोरडा झाला. इंजिन थेट सुरू केलं तर पहिले काही क्षण दांडी तेलाशिवाय फिरेल. म्हणून वरची नळी जोडण्याआधी टर्बोच्या भोकात थोडं स्वच्छ इंजिन ऑइल ओतावं. मग मॅन्युअलमध्ये पाहून इंधनाचा फ्यूज काढावा आणि सेल्फ पाच-सात सेकंद मारावा, थांबावं, पुन्हा मारावा. तेल वरपर्यंत पोचतं. फ्यूज लावून इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटं आयडललाच ठेवायचं, रेस द्यायची नाही. या वेळात टॉर्च घेऊन प्रत्येक सोडलेला सांधा पाहायचा. बंद केल्यावर पातळी पुन्हा तपासायची. धूर थोडा येईल; बाहेर सांडलेलं तेल जळण्याचा तो धूर असतो आणि तो कमी होत गेला पाहिजे. वाढत गेला तर इंजिन बंद.

तांब्याचे वॉशर आणि पातळ पॅकिंग पहिल्यांदा गरम-थंड झाल्यावर थोडी बसतात. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर बोल्ट ठरलेल्या टॉर्कनं एकदा तपासून घ्यावेत. त्याहून जास्त आवळू नयेत.

पाना खाली कधी ठेवायचा

क्रँकचं मागचं ऑइल सील गिअरबॉक्स आणि क्लच यांच्या मागे असतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या फटीतून तेल ठिबकत असेल तर ते घरचं काम नाही. मात्र हातमोज्याची परीक्षा करूनच गॅरेजला जावं. ब्रीदर बुजलेला असताना महागडं नवं सील बसवलं तर तेही ओलं होईल. टर्बोची दांडी बोटांनी वरखाली हलवल्यावर पंखा घराला टेकत असेल, किंवा पात्यांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या, तर तो टर्बो उघडून बसण्याचा प्रयत्न करू नये. दांडी आणि पंखे यांचं संतुलन यंत्रावरच होतं.

एक प्रसंग माहीत असायलाच हवा. टर्बोमधून तेल भरपूर प्रमाणात हवेच्या पाइपमध्ये गेलं तर डिझेल इंजिन तेच जाळून धावू लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण डिझेल बंद झालं तरी इंजिनाला तेल मिळतंय. आवाज चढत जातो, पांढरट-निळ्या धुराचे लोट निघतात. बॉनेट उघडून समोर उभं राहू नये. गिअर हातानं टाकायचे असतील तर ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवून बंद पाडायचं. त्यानंतर गाडी ओढून न्यावी, पुन्हा सुरू करू नये. इंटरकूलरच्या पाइपमध्ये साचलेलं तेल वेळीच काढण्याचं महत्त्व इथे कळतं.

काढलेलं तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडतं. डब्यात भरून जवळच्या सर्व्हिस स्टेशनला द्यावं, तिथलं तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जातं.

काम झाल्यावर डिपस्टिकची पातळी आणि मीटरचं किलोमीटर एका वहीत लिहा, आणि दर ५०० किलोमीटरला पुन्हा पाहा. पातळी टिकली आणि पावडर मारलेले सांधे कोरडे राहिले तर काम जमलं. सांधे ओले झाले तर दाब पुन्हा मोजा. आणि बाहेर सगळं कोरडं असूनही पातळी खाली जात असेल तर तेल जमिनीवर पडत नाही, जळतंय. वाट रिंगांची, व्हॉल्व्हच्या सीलची की टर्बोची, हे धुराच्या रंगावरून आणि तो केव्हा निघतो त्यावरून कळतं. पुढचं प्रकरण त्याविषयी आहे.